तळहातावरचं मीठ

लोणीची तुकाबाई फोटोला उभी राहत नसे. लग्नाकार्यात कॅमेरावाला दिसला की पदर तोंडावर ओढून गर्दीत मागं सरकायची. भावकीतल्या पोरी हसायच्या, काकीला नजर लागायचं भ्या वाटतंय म्हणायच्या. तुकाबाई त्यांना हसू द्यायची. तिला नजरेचं नाही, कात्रीचं भय होतं.

त्याला कारण तिची सासू, कोंडाबाई. चौऱ्याण्णव साली मेंढरं ओझरच्या रानात बसवली होती. एक मेंढी चाऱ्याला तोंड लावेना. म्हातारी देवळाच्या बाजूला सावलीत बसली, तळहातावर खडेमीठ घेतलं आणि हात पुढं धरून मेंढीला बोलावू लागली. मीठ हातावरच चारायचं, ही धनगराची रीत. भुईवर टाकलेलं मीठही मेंढी चाटते, पण मग ती हात ओळखत नाही. तेवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला कुणी आला, फोटो काढून निघून गेला.

पुढच्या साली तो फोटो एका कंपनीच्या कॅलेंडरवर आला. वर देवळाचा कळस, खाली कोंडाबाई, पुढं केलेला हात. मेंढी नव्हती. ती कापून टाकली होती. तळाला ठसठशीत अक्षरं होती, ‘दानाची वाट’.

ज्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसायची त्या भरतभाऊंच्या पडवीतच ते कॅलेंडर लागलं होतं. अक्षरं कुणीतरी वाचून दाखवली.

“मी कवा कुनाफुडं हात पसारला गं?” एवढंच कोंडाबाई सुनेला म्हणाली. नंतर तिनं मरेपर्यंत फोटो काढू दिला नाही. त्यामुळं तिच्या मागं जगात तिचा एकच फोटो उरला, आणि तो भिकारणीचा.

भरतभाऊंची आई धोंडाबाई मनानं वाईट नव्हती. पण साल संपल्यावर तिनं ते चित्र खालच्या अक्षरांसकट कापून काचेत बसवलं. कळस होता ना त्यात. देवाचं चित्र टाकायचं कुठं? तेव्हापासून तुकाबाई चहाला ओट्यावरच बसायची. पडवीत पाऊल टाकत नव्हती.

दोन हजार चार साली, कांदा निघाल्यावर, धनगरांचा वाडा पालं, मेंढरं घेऊन पुन्हा भरतभाऊंच्या रानात उतरला होता. एक दिवस बांधापाशी जीप थांबली. आतून एक गोरा उतरला, संगं पुण्याचा सयाजी, दुभाष्या. गोरा जगातल्या मेंढपाळांचं पुस्तक करत होता. बर्फातली माणसं झाली, वाळवंटातली झाली, आता ही. तुकाबाईला बघून त्याचे डोळे चमकले. सयाजीनं गोडीगुलाबीनं सांगितलं की मावशींनी तेवढे गमबूट काढावेत, गळ्यातली बॅटरी बाजूला ठेवावी, पालावरचा निळा प्लास्टिकचा कागदही काढला तर बरं. सगळं अस्सल दिसायला हवं.

“अस्सल म्हंजी?” तुकाबाई म्हणाली. “मागल्या साली उसातनं वाघ आला, कुत्रं उचलून न्हेलं. तवापासनं बॅटरी गळ्यात हाय. बूट काढून सरीत पाय टाकला तर फुरसं डसंल. मी खरी का तुमचं पुस्तक खरं?”

नवऱ्याला, सोमाजीला, ओशाळल्यासारखं झालं. “पावणं लांबनं आल्यात. काढ की बूट.”

“तुमी काढा तुमचं धोतार.”

सगळा वाडा हसला. सोमाजीही हसला आणि घोडीकडं निघून गेला.

सयाजीला वाटलं, आता बाई हाकलून देणार. पण तुकाबाई पालात गेली आणि मूठभर खडेमीठ घेऊन आली. बूट पायात, बॅटरी गळ्यात. तिनं शीळ घातली तशी शिंगाड मेंढी, मेंढरं कोंडायच्या जाळीपासून निघून तिच्यापाशी आली. गोरा गुडघ्यावर बसून अगदी जवळ सरकला. चार-दोन फोटो काढले आणि खुशीत कॅमेऱ्यामागची काच तिला दाखवली. काचेत तिचं तोंड होतं, सुरकुत्या होत्या, पुढं केलेला हात होता. मेंढीचे नुसते ओठ कडेला दिसत होते.

तुकाबाईनं मूठ मिटली.

“मागं सरा म्हनावं त्यास्नी.”

सयाजीनं गोऱ्याचं म्हणणं सांगितलं. चेहराच एवढा बोलका आहे की दुसऱ्या कशाची गरज नाही.

“बोलका हाय तर ऐका म्हनावं. मेंढी पायजे. शेपटासकट.”

गोरा मागं सरला. तिनं पुन्हा काच मागितली, बघितली, मान हलवली. मेंढी मिटल्या मुठीवर नाक घासत होती, मूठ उघडत नव्हती. गोरा आणखी मागं गेला, जाळीत पाय अडकून पडता पडता वाचला आणि शेवटी बांधावर जाऊन उभा राहिला. आता काचेत सगळं आलं. निळा कागद, घोडी, गमबूट, मेंढीचं शेपूट. तेव्हा कुठं तुकाबाईनं मूठ उघडली.

पुढच्या उन्हाळ्यात सयाजीनं भरतभाऊंच्या पत्त्यावर फोटो पाठवला. पुस्तकात कोणता छापला, कुणास ठाऊक. हा मात्र अख्खा होता. तुकाबाईनं तो मंचरला काचेत बसवून आणला आणि खिळा, दगड घेऊन इतक्या वर्षांनी पडवीत शिरली.

“अगं तुका, देवाच्या चित्राखाली मेंढरू लावतीस?” धोंडाबाई म्हणाली.

“भित तुमची हाय, आक्का. सासू माजी व्हती.”

तिनं खिळा ठोकला. नवी तसबीर अशी टांगली की तिच्या वरच्या पट्टीखाली ‘दानाची वाट’ झाकून गेली. कळस तसाच राहिला. कोंडाबाईचा हात तसाच राहिला आणि त्याच्या बरोबर खाली सुनेच्या हातावरचं मीठ चाटणारी मेंढी आली.

धोंडाबाईनं एकदा वर बघितलं, एकदा खाली.

“म्हंजी कोंडाबाई मीठ चारीत व्हती व्हय?”

“इतक्या वर्सांत आज इचारलं तुमी,” तुकाबाई म्हणाली आणि पडवीतच भिंतीला टेकून बसली. “चहा टाका आता.”