विरोधकाचं गाठोडं

लिउ फात सिन यांना आमची अख्खी वस्ती आपाक म्हणते, म्हणजे मोठे काका. त्यांचं सुतारकामाचं दुकान माझ्या घराच्या भिंतीला लागूनच. मलय मुलखातल्या इपोह शहराजवळच्या या वस्तीत निम्म्या स्वयंपाकघरांतली कपाटं त्यांच्या हातची. हातात रंधा असला की माणूस बादशहा, पण सरकारी शिक्का दिसला की पार गळून जायचा.

शाळेतल्या रोहायदाबाईंना आपाकनी करून दिलेल्या कपाटांची दारं दमट हवेनं फुगली. आपाक एकदा जाऊन तासून आले. ती पुन्हा फुगली, तेव्हा मात्र लाजेनं तोंडच दाखवेनात. बाई ग्राहक न्यायाधिकरणात गेल्या, तर तिथं एवढ्या मोठ्या रकमेचा दावा चालत नव्हता. आपाकनी सुटकेचा निःश्वास टाकला. यंदा सरकारनं नियम बदलून मर्यादा दुप्पट केली आणि नोटीस आली.

"वाच गं पोरी," ते म्हणाले. वर बाईंचं नाव, खाली आपाकचं, आणि त्यापुढे मलय भाषेतला एक शब्द: पनन्तांग. विरोधक.

आपाक मटकन खाली बसले. "मी कुणाला विरोध केला?"

"अहो, ज्याच्यावर दावा लावलाय त्याला तसं म्हणतात!"

"माझ्या बापालाही हेच म्हणाले होते."

आपाक लहान होते, इंग्रजांच्या राज्यात वस्तीला काटेरी तारा होत्या आणि सैनिक जंगलात बंडखोर शोधत होते, तेव्हाची ही गोष्ट. सगळ्या पुरुषांना रांगेत उभं केलं. तोंडावर गोणपाट घेतलेल्या कुणा खबऱ्यानं बोट दाखवलं, दुभाष्यानं तो शब्द उच्चारला, आणि आपाकचे वडील नेसत्या कपड्यांनिशी गेले. परत आले नाहीत. एवढे शब्द पडलेत भाषेत, आणि कुठल्या शहाण्याला कागदावर छापायला नेमका हाच सापडला!

"जायलाच हवं," मी समजावलं. "नाही गेलात तर तुमच्या माघारी निकाल लागेल. आणि तो पाळला नाहीत, तर मात्र खरंच तुरुंग." मेलं माझं तोंड! त्यांनी तुरुंग तेवढा ऐकला. जेवण सुटलं. दाराशी मोटार थांबली की रंधा हातातून सुटायचा. हा माणूस सुनावणीआधीच जातो की काय, अशी मलाही धास्ती बसली.

जायच्या दिवशी गळ्यापर्यंत बटणं लावून ते काखेत गाठोडं घेऊन माझ्यासोबत निघाले.

"यात काय?"

"असू दे."

तिथं वकील चालत नाही, ज्याचं त्यानंच बोलायचं. मला मागच्या बाकावर बसवलं.

"पनन्तांग कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

आपाकनी दोन्ही हात वर केले. गाठोडं खाली पडलं.

"पुरावा आणलाय ना? ठेवा टेबलावर."

हात काही खाली येईनात. शेवटी कारकुनानंच गाठोडं उचलून त्याची गाठ सोडली. दोन बनियन, टॉवेल, दात घासायचा ब्रश, रक्तदाबाच्या गोळ्या.

"हे काय आहे?"

"आत घातल्यावर लागेल ना, साहेब. माझ्या बापाला काही घेऊ दिलं नव्हतं."

मला तर वर बघवेना. मग रोहायदाबाई उठल्या.

"काका, हात खाली करा हो. मला फक्त दारं हवीत. नीट बंद होणारी."

"वरची की खालची?" आपाकनी विचारलं. हात अजून वरच होते.