आमची तुकडी तुटली तो दिवस

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका शाळेत मी इतिहास शिकवतो. पंधरा ऑगस्टला पाहुण्यांचं भाषणही मीच लिहून देतो, हिंदीत. आमच्याकडे घर, शेत, भांडण सगळं मराठीत चालतं. देशभक्ती तेवढी हिंदीत करावी लागते.

त्या वर्षीचे पाहुणे एक जिनिंगवाले होते. कापसाच्या गाठीपेक्षा जड काही या माणसाच्या आयुष्यात आलं नव्हतं, आणि गाठीही हमालांनीच उचललेल्या. सत्कार होता माझ्या मामाचा. मामा बोरगावचा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि आता संत्र्याचा बगीचा पाहतो.

पाहुण्यांनी माझं भाषण वाचलं. जवान मातीसाठी लढतो, साथीदार पडला की त्याचं रक्त दुप्पट उसळतं, तो मागे वळून पाहत नाही. टाळ्या पडल्या. 'उसळतं' म्हणताना त्यांचं पोट हललं आणि मला त्यांची किळस आली. वाक्य माझं होतं, हे तेव्हा सोयीनं विसरलो.

मामानं शाल-नारळ घ्यायचा आणि बसायचं, असं ठरलेलं. त्यानं शाल खुर्चीवर ठेवली आणि माइक धरला.

त्यानं बर्फातल्या एका चौकीची गोष्ट सांगितली. एका दिवसात त्याच्या तुकडीतले चौघे गेले, तरी कोणी जागचं हललं नाही. खालून लंगरवाला, म्हणजे फौजेतला स्वयंपाकी, पाठीवर डबा बांधून चहा आणत होता, जखमींना खाली नेलं जात होतं, आणि साहेब स्वतः प्रत्येकाजवळ येऊन बसत होता. मग तो साहेब जखमी झाला आणि दुसरा आला. त्यानं आल्याआल्या सगळ्यांना जमवून जोशात भाषण दिलं आणि मेलेल्यांपैकी एकाचं नाव चुकीचं घेतलं.

"त्या दिवशी आमचा एकबी मेला नाही," मामा म्हणाला, "अन् त्याच दिवशी आम्ही तुटलो. मरनाले भेलो नव्हतो. मेल्यावर याले आपलं नावबी आठवनार नाही, हे समजलं."

पाहुणे घड्याळ पाहू लागले. मुख्याध्यापकांनी मला खुणावलं. मी उठलो, मामाच्या हातातून माइक घेतला आणि 'भारत माता की जय'चा नारा लावला. सगळं मैदान ओरडलं. मामा खुर्चीवर जाऊन बसला.

दुपारी मोटरसायकलवर त्याला बोरगावला सोडताना विचारलं, तुटलो म्हणजे नेमकं काय झालं? त्यानं सांगितलं, बंदूक टाकून कोणीच पळालं नाही. कोणाचं पोट दुखू लागलं, कोणाचे पाय सुजले. तो स्वतः निरोप पोहोचवायच्या निमित्तानं खाली उतरला आणि वाटेत एका दगडाआड बसून राहिला. तिथं चढून येणारा लंगरवाला भेटला. दूर दक्षिणेकडचा माणूस, त्याची हिंदी मामाला धड कळत नसे. त्यानं चहा ओतला, मामाचा पिऊन होईपर्यंत थांबला, डबा पुन्हा पाठीवर घेतला आणि चढू लागला.

"मंग?"

"मंग काय, मीबी चढलो त्याच्या मांगं. देश-बिश काही आठवला नाही मले. थो एकटा चालला होता."

वर दोघं पोहोचलेले पाहून पोट दुखणारेही उठून बसले. चौकी हातात राहिली.

"अन् थो नवा साहेब?"

"त्याले पदक भेटलं," मामा म्हणाला, आणि बगीच्यापाशी उतरून आत गेला.

पुढच्या आठवड्यात शाळेत बैठक झाली. यापुढे सत्कारमूर्तींना बोलायला द्यायचं नाही, असा ठराव मुख्याध्यापकांनी मांडला. कोणाची हरकत नव्हती. मी मामाचा भाचा म्हणून सगळे माझ्याकडे पाहत होते. मी हात वर केला, ठरावाच्या बाजूनं.