विचुंब्याचा बांध पोर्तुगालात

२ मे, शनिवार. हजर: सहा खेळाडू, प्रशिक्षक संदेश सर, तन्वीचे आजोबा तात्या आणि क्लबची चिटणीस म्हणून मी. उशिरा आलेले: फक्त संदेश सर, ज्यांनी बाकी सगळ्यांना वेळ पाळायला बजावलं होतं.

पोर्तुगालातल्या फुटबॉल शिबिरासाठी विचुंब्याच्या मैदानावरून गाडी सुटली. मैदान म्हणायची आम्हाला सवय आहे. खरं तर ती शेजारशेजारची दोन भातशेतं. कापणी झाली की नांगरणीपर्यंत तिथे आमच्या क्लबचा फुटबॉल चालतो. एक शेत तात्यांचं, दुसरं त्यांचा धाकटा भाऊ पांडूशेठ यांचं, आणि बरोबर मधल्या रेषेवर दोघांचा सामाईक बांध, गुडघ्याएवढा. तो कधीतरी चार बोटं सरकला म्हणे. कोणी सरकवला याबद्दल दोन घरांत दोन मतं आहेत आणि तेव्हापासून भावांचं बोलणं बंद आहे. बाकीच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले, दोघांच्याही दारात मोठ्या गाड्या आल्या, बांध मात्र आहे तिथे आहे. सपाट करू द्या म्हटलं की दोघंही म्हणतात, आधी त्याने बोलावं.

नवं विमानतळ आमच्या मैदानावरून दिसतं. आमचं विमान अर्थातच मुंबईहून होतं.

पोर्तोला उतरल्यावर पहिली अडचण तात्यांच्या सुकटीच्या डब्याने केली. लेबल नसलेली मासळी आत सोडता येत नाही, असं तिथल्या अधिकाऱ्याने नम्रपणे सांगितलं.

"त्याला सांगा, घरची हाय," तात्या म्हणाले.

मी सांगितलं नाही. डबा तिथेच राहिला. आणि मुक्कामाच्या गावी रात्री जेवणात काय आलं, तर बाकाल्याउ (मीठ लावून सुकवलेला मासा). तात्यांनी एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं. "म्हंजे यांचा चालतो." मुलांना काल्दू व्हेर्द (बटाट्याच्या रश्श्यात बारीक चिरलेली पालेभाजी) आवडलं नाही. घरी पालेभाजी टाळून त्यांनी एवढा प्रवास केला होता.

दुसऱ्या दिवशी मैदान पाहिलं. हिरवंगार, आणि टेबलासारखं सपाट. आम्ही आलो होतो त्याचं कारण मोठं होतं. शिबिरात आलेल्या सगळ्या देशांच्या मुलांमधून एकाला तिथे वर्षभर राहून शिकायला मिळणार होतं, नोंदणी आपल्याच क्लबकडे ठेवून. तन्वीला ती जागा हवी होती. ती चौदाची आहे, कमी बोलते, आणि तिला मैदानात कोण कुठे आहे हे मागे न वळता कळतं.

पहिल्या सरावातच तिथले प्रशिक्षक रुई चक्रावले. आमची मुलं चेंडू छान जमिनीवरून आणायची, आणि मधल्या रेषेपाशी आली की सहाच्या सहा जण तो हवेत उचलायची. समोर कोणी नसलं तरी.

"त्या रेषेवर काय आहे?" रुईंनी जेवताना इंग्रजीत विचारलं.

"काही नाही," संदेश सर म्हणाले.

मी टेबलावर दोन ताटल्या आणि मधे एक लांब पाव ठेवून सगळं समजावलं. रुई पावाकडे बघत राहिले. "मग तो काढत का नाही?"

सहा माना तात्यांकडे वळल्या. ते मासा खात होते.

"आज्या, सर विचारतात," तन्वी म्हणाली.

"समजला. पन तो माजा येकल्याचा नाय."

तात्यांचंही तेच होतं, हे माझ्या लक्षात हळूहळू आलं. गावात ते सामना आपल्या अर्ध्यातूनच बघतात. इथेही त्यांनी खुर्ची एका अर्ध्यात लावली, ती लावलीच. एका सराव सामन्यात मध्यंतरानंतर तन्वीचा हल्ला पलीकडे गेला, तेव्हा मी म्हटलं, "तात्या, तिकडे चला, इथून काय दिसतंय?"

"इथंच बरा हाय."

तन्वीने आठवडाभर रेषेवर फक्त जमिनीवरून पास देण्याचा सराव केला. तिला जमलंही. निवडीच्या सामन्यात जवळजवळ शेवटपर्यंत जमलं. मग एकदा ती घाईत रेषेपाशी आली, समोर मोकळं मैदान, डावीकडे मोकळा साथीदार, आणि तिचा पाय चेंडूच्या खाली गेला. चेंडू उंच उडाला, समोरच्या संघातल्या एका खेळाडूच्या छातीवर पडला, आणि त्यातूनच आमच्यावर गोल झाला.

जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. रुई तन्वीला म्हणाले, "नजर उत्तम आहे. पुढच्या वर्षी ये. पण पायातलं ते काढून ये."

ती पलीकडच्या गोलखांबाशी जाऊन बसली. तात्या खुर्चीवरून उठले. मधल्या रेषेपर्यंत गेले, थांबले, दोन्हीकडे पाहिलं. मग त्यांनी पँट जराशी वर धरली, पाय गुडघ्याएवढा उचलला, आणि त्या सपाट गवतावरची रेषा ओलांडली. आमच्यातलं कोणी हसलं नाही.

मी पाण्याची बाटली घेऊन गेले तेव्हा ते म्हणत होते, "पाय तुजा हाय. बांद आमचा हाय."

"मग काढा ना."

ते म्हणाले, "पांडूशी बोलावा लागंल."

निघायच्या दिवशी सकाळी बघते तर रुईंनी मधल्या रेषेवर एक बाक आडवा ठेवला होता आणि त्यांची मुलं त्यावरून चेंडू उचलायला शिकत होती. उपयोगी पडेल, म्हणाले. आम्ही जे सोडायला गेलो होतो ते त्यांनी ठेवून घेतलं.

विमानतळावर तात्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला. पांडूशेठसाठी, हे न सांगता कळलं.

आता परतून आठवडा झाला. परदेशी प्रशिक्षणाचा काय फायदा, असं पालक विचारतात. मी सांगते, आपल्याकडे बांध आहे हे कळलं. त्यांना वाटतं मी टाळते आहे.

गणवेश धुऊन झाले, पासपोर्ट परत दिले, हिशोब मांडला. राहिलं एकच, आणि तेही नांगरणीच्या आत व्हायला हवं. काल सकाळी तात्या डबा आणि मला घेऊन बांधापर्यंत गेले. पलीकडे पांडूशेठ उभे होते. दोघांनी आभाळाकडे पाहिलं. मग तात्यांनी डबा बांधावर ठेवला आणि मला म्हणाले, "मी ठेवला. आता त्यानं उचलावा."

पांडूशेठही मलाच म्हणाले, "मॅडम, कोनी दिला तं घेईन. ठेवलेला मी उचलत नाय."

डबा रात्रभर तिथेच होता. आज संध्याकाळच्या सरावात तो पडू नये म्हणून मुलांनी चेंडू नेहमीपेक्षा हातभर वर उचलला, तन्वीने सगळ्यांत सुबक. बांध सपाट करणे: बाकी.