मामी वावर पाहायला येते

जगात जी काही नवी वस्तू निघते ती माणसाला फसवायलाच निघते, आणि फसवायची सुरुवात वर्ध्याजवळच्या तिच्या नालवाडीपासून होते, अशी माझ्या मामीची पक्की खात्री होती. संशय घेणं हे तिचं मुख्य काम आणि दोन एकराची भाजीची वाडी हा जोडधंदा, असं आम्ही भाचेमंडळी म्हणायचो. अर्थात तिच्यामागे. मी कॉलेजसाठी म्हणून तळेगावहून तिच्याकडे आलो, पुढे वर्ध्यात टायपिंग-झेरॉक्सचं दुकान टाकलं, तरी तिच्या समोरच्या खोलीतून काही हललो नाही. त्यामुळे तिच्या संशयाचा सगळा इतिहास माझ्या डोळ्यांसमोर घडला आहे. भाजीबाजारात बॅटरीवरचे वजनकाटे आले तेव्हा ती घरचं एक किलोचं लोखंडी वजन पिशवीत घालून गेली आणि भाजी उतरवायच्या आधी ते काट्यावर ठेवलं. काट्यानं बरोबर एक किलो दाखवलं. बाजारातले लोक हसले, व्यापारी खूश झाला. मामी मात्र वजन पुन्हा पिशवीत टाकत म्हणाली, "लोखंड पाहून बरोबर दाखवते. वांगे पाहून काय दाखवन, त्याचा नेम नाई." त्यानंतर कितीतरी वर्षं ते वजन तिच्यासोबत बाजारात जात होतं, आणि प्रत्येक काट्याची रोज नव्यानं परीक्षा होत होती.

दुपारच्या जेवणानंतर मी तिला पेपर वाचून दाखवायचो. खून, मारामाऱ्या, निवडणुका यांत तिला रस नव्हता. ते सगळं खरंच असणार, असं तिचं म्हणणं. तिला ऐकायच्या असत त्या शोध लागल्याच्या बातम्या, कारण त्यात लबाडी पकडायला वाव असे. परदेशात एका मेंढीपासून हुबेहूब तशीच दुसरी मेंढी तयार केली, ही बातमी मी मोठ्या कौतुकानं वाचली. मामी सुपारी कातरत होती. "मेंढरं सारखेच दिसतेत बाबू," ती शांतपणे म्हणाली. "हे दुसरी हाय, हे ओळखलं कोनं?" मी शास्त्र शिकलेला माणूस, पण मुकाट्यानं पान उलटलं. पुढे दोन हजार साल जवळ आलं आणि जगभरचे संगणक गोंधळून जाणार, त्यांना शंभर वर्षं मागं गेल्यासारखं वाटणार, अशा बातम्या सुरू झाल्या. "ज्याले कोनतं साल चालू हाय हेच समजत नाई, त्याच्या भरोशावर लोक विमानात कसे बसून राह्यले?" असं ती दोन महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती. साल उजाडलं, काहीच झालं नाही, तेव्हा तिनं निकाल दिला, "परकरन दाबलं असन."

घरी फोन आला तर ती उचलायची, पण 'हॅलो' म्हणायची नाही. आपण आधी बोललो की समोरच्याला आपण घरी आहोत हे कळतं, असा तिचा मुद्दा. माझी आई म्हणजे तिची नणंद, आणि आईचाही स्वभाव तोच. त्यामुळे तळेगावचा फोन आला की दोघी बराच वेळ एकमेकींचा श्वास ऐकत बसायच्या, आणि शेवटी मलाच मध्ये पडावं लागायचं.

हसण्यावारी नेण्यासारखं होतं तोवर आम्ही हसलो. मामा लवकर गेले होते. मामीनं वाडी एकटीनं ओढली आणि तिची एकुलती एक लेक शालू, तिला इंजिनिअर केलं. शालू पुण्याला नोकरीला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवून आली. मुलगा चांगला होता, पण तो कॉम्प्युटर कंपनीत होता. "दिवसभर करता काय?" मामीनं त्याला पहिल्याच भेटीत विचारलं. त्यानं बिचाऱ्यानं पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. "ते झालं," मामी म्हणाली, "पन संध्याकाळी हातात काय राह्यते?" लग्न झालं. पण मामीच्या मनातला किडा काही मेला नाही. तिनं पुण्याच्या एका लांबच्या नातेवाईकाला गाठून, अशी कंपनी खरंच आहे का हे पाहून यायला सांगितलं. तो शहाणा गेटवरच्या वॉचमनकडे जावयाची चौकशी करत बसला, ती चौकशी वर साहेबापर्यंत पोचली, आणि चार लोकांत जावयाची शोभा झाली. शालूनं फोन केला. "तू आजवर कोणावर विश्वास ठेवला नाई, ते ठीक आहे," ती म्हणाली, "पण माझ्यावर तरी ठेवायचा होता." आणि तिनं मामीशी बोलणं टाकलं. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. शालू मला फोन करायची, दुकानावर. घरी नाही. मामीनं एकदाही तिची चौकशी केली नाही, पण पेपरातल्या शोधांवर ती काही बोलेनाशी झाली, आणि मला तेच जास्त खुपायचं.

त्याच सुमाराला इंटरनेटवर तो शेतीचा खेळ आला. मी दुकानातला एक जुना कॉम्प्युटर घरी आणला होता आणि तिशी उलटलेला माणूस असून, घरामागं खरी वाडी असताना, दुपारी जेवून कॉम्प्युटरवर वांगी लावत बसायचो. लाजच वाटावी अशी गोष्ट, पण अर्धं जग तेच करत होतं. पडद्यावर प्रत्येकाचं आपलं वावर असायचं. नांगरायचं, पेरायचं, पीक तयार झालं की काढायचं. वेळेवर नाही काढलं तर वाळून काळं पडायचं. ओळखीचे लोक शेजारी व्हायचे आणि एकमेकांच्या वावरात जाऊन खत घालू शकायचे.

मामी एकदा बाहेरचं मीटर बघून तावातावानं माझ्या खोलीत आली. कॉम्प्युटर लावला की मीटरची चकती जोरात फिरते, असा तिचा आरोप होता. पडद्याकडे लक्ष गेलं आणि ती थबकली. "हे कोनाचं वावर?" माझं, म्हटलं. मग चौकशी सुरू झाली. पाणी कुठून येतं? पाणी द्यावं लागत नाही. मग वांगी किती दिवसांत? आठ तासांत. मामीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी ती पूर्वी भेसळीचं बियाणं विकणाऱ्याकडे पाहायची. "आठ तासाचं वांगं तू खाजो. मी नाई खात." माल कोण नेतो? आपोआप विकला जातो. "भाव पाडाले व्यापारी नाई, मंग तो बाजार कायचा?" तेवढ्यात माझा एक कॉलेजातला मित्र वावरात येऊन खत टाकून गेला. तिनं माझं मनगटच धरलं. "हा कोन? आपल्या वावरात काऊन शिरला?" मदत करायला, मी म्हटलं. "फुकट? वांगे मोज पह्यले." आणि मला मोजायला लावले, देवाशपथ.

सगळी वांगी जागेवर आहेत हे पटल्यावर ती जायला निघाली, आणि मी सहज शेजारचं वावर उघडलं. "अन् हे?" तिनं विचारलं. मी जरा घुटमळलो. "शालूचं आहे," म्हटलं.

मामी जाता जाता वळली. स्टूल ओढून बसली, चष्मा पुसला, आणि त्या चौकोनी वावराकडे खूप वेळ पाहत राहिली. मग पडद्यावरच्या बांधावर बोट ठेवून म्हणाली, "धुऱ्यापाशी जागा सोडली नाई पोट्टीनं. चालन कोठून?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा मीटर बघायला आली. तिसऱ्या दिवशीही. मीटर बाहेरच्या भिंतीवर, पण तपासणी माझ्या खोलीत, स्टुलावर बसून. मी न सांगता शालूचं वावर उघडायचो. मामी पाहायची आणि अंदाज सांगायची. कांदे लावले की म्हणायची, "गावाले चालली. कांद्याले रोज पाह्यलं नाई तरी चालते." नुसता झेंडू लावला की, "सासू आली असन." मी कधी शालूला फोनवर आडून विचारायचो, तर निम्म्याहून अधिक वेळा ते खरं निघायचं. मला तर भीतीच वाटायला लागली. एक दिवस मामी म्हणाली, "तिच्या टमाट्याले खत घाल." मी सांगितलं की खत घातलं तर तिथं माझं नाव दिसेल, तुझं नाही. "तुहं दिसू दे," मामी म्हणाली. "पीक तिचं हाय, माहं नाव कायले पाह्यजे?" त्या दिवसापासून मी रोज खत घालत होतो. शालूला वाटत असणार की दादाला दुसरा उद्योग नाही.

असे तीन-चार महिने गेले आणि एका दुपारी शालूचे टोमॅटो तयार होऊन तसेच उभे दिसले. दुसऱ्या दिवशी ते काळे पडले. तिसऱ्या, चौथ्या दिवशी तेच. मी म्हटलं, मामी, शालू कंटाळली असेल, लोक चार दिवस खेळतात आणि सोडून देतात, किंवा ऑफिसात काम वाढलं असेल. मामीनं मान हलवली. "ज्याले काम हाय तो लावतच नाई बाबू. हिनं लावलं, अन् मंग आली नाई. लावून न येनं वेगळं राह्यते." पाचव्या दिवशी तिनं मला जावयाला फोन लावायला सांगितला. तो म्हणाला, सगळं ठीक आहे, शालू झोपली आहे. मी ते तिला सांगितलं. "दुपारच्या बाराले?" मामी म्हणाली. "माही पोट्टी?" आणि ती उठून लुगडी पिशवीत भरायला लागली.

मी पुष्कळ सांगून पाहिलं. हा खेळ आहे, मामी. ते वावर खरं नाही. ती म्हणाली, "वावर खरं नसन. लावनारी तं खरी हाय ना."  मी तिकिटं काढली. तिकिटावरचा गाडी नंबर तिनं स्टेशनवर तीन हमालांना दाखवून खात्री करून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही शालूच्या दारात उभे होतो.

दार जावयानं उघडलं. दाढी वाढलेली, हातात भाताचं पातेलं. आम्हाला पाहून त्याचा चेहरा असा झाला की सगळं ठीक नाही हे सांगायला कुणाची गरज नव्हती. शालूला दिवस गेले होते आणि चौथ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. दवाखान्यातून येऊन चार दिवस झाले होते. कुणालाही सांगायचं नाही, आईला तर नाहीच, अशी तिनं त्याला शपथ घातली होती. आत शालू भिंतीकडे तोंड करून पडली होती. मामी जाऊन तिच्या पायाशी बसली. शालूनं वळून पाहिलं, आणि मग जावयाकडे पाहिलं. त्यानं मी काही बोललो नाही अशी मान हलवली.

"तुले कोनं सांगतलं?" शालूनं विचारलं. पुण्याला राहून शुद्ध झालेली तिची भाषा त्या एका वाक्यात परत नालवाडीला आली.

"टमाटे काळे पडले होते तुहे," मामी म्हणाली. "पाच दिवस वाट पाह्यली म्या."

शालूला काही कळेना. ती माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार, मी आपला खिडकीबाहेर पाहत होतो. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं, रोजचं ते खत कुणाचं होतं. तिला आधी हसू आलं, आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. मामी तिचे पाय चेपत राहिली. "कंपनी हाय का नाई पाह्यले म्या मानूस धाडला," ती म्हणाली, "ते माहं चुकलं. तू कशी हाय, हे पाह्यले मीच याले पाह्यजे होतं." माझ्या देखत मामीनं चूक कबूल केल्याची एवढी एकच नोंद माझ्याकडे आहे. जावई दारात उभा होता. त्याच्या हातातलं पातेलं घेऊन ती स्वयंपाकघरात गेली, भात कच्चा आहे असं तिथूनच जाहीर केलं, आणि महिनाभर पुण्याला राहिली.

आता शालू रोज संध्याकाळी घरी फोन करते. मामी अजूनही 'हॅलो' म्हणत नाही, पण उचलायला धावते. पाच-दहा मिनिटं बोलणं होतं, फोन ठेवते, आणि दुसऱ्या दुपारी माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसते. मी म्हटलं, अगं काल तर बोललीस तिच्याशी, बरी आहे म्हणाली ना? "फोनवर आवाज बरा काढता येते," मामी म्हणते. "वावर दाखव."

मी हे शालूला सांगितलं. तो खेळ आता कुणीच खेळत नाही, माझ्या ओळखीतल्या सगळ्यांनी केव्हाच सोडला, शेजारी सगळी वावरं ओसाड पडली आहेत. शालूच्या वावरात मात्र रोज काहीतरी हिरवं असतं. ती म्हणाली, "दादा, मले इतका कंटाळा आला त्या खेळाचा, काय सांगू. ऑफिसात जायच्या आधी वांगे लावा लागते. पाच दिवस नाई लावलं तर आई गाडीत बसन."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "कधी कधी वाटते दादा, राहू द्यावं पाच दिवस."