मुखपृष्ठावरचे तिचे हात

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. इथल्या आमच्या मराठी मंडळात कुणी त्या जुन्या मुखपृष्ठांचा विषय काढला, की मी चहा आणायच्या निमित्ताने उठायचो. मुलाने विचारलं, त्यालाही खरं सांगितलं नाही. आता वयामुळे माउस धरवत नाही. पण ती चित्रं पाहिलेले लोक अजून भेटतात आणि कौतुक करतात. ते कौतुक ऐकवत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी मूळचा साताऱ्याकडचा. केंद्र सरकारच्या नोकरीने चेन्नईला आलो, इथलाच झालो, निवृत्तीनंतर तांबरमला फ्लॅट घेतला. बायको तंजावरच्या मराठी घरातली. तिची मराठी माझ्यापेक्षा कितीतरी जुनी. मी तिला ‘बखर’ म्हणून चिडवायचो. ती म्हणायची, तुमची मराठी बस सुटल्यासारखी पळते, कुणास कळणार ती.

वडिलांनी जपलेले दिवाळी अंक माझ्या प्रत्येक बदलीबरोबर फिरत आले होते. मुलाने त्याचा जुना कॉम्प्युटर दिला, त्यावर मी फोटो एडिटिंग शिकलो आणि एक नाद लागला. जुनं मुखपृष्ठ हुबेहूब पुन्हा करायचं, फक्त त्यातल्या माणसाच्या जागी मी. रेडिओला कान लावून बसलेला गृहस्थ, सायकलवरचा पोस्टमन, फेटेवाला पैलवान. कागदाचा पिवळेपणा, छपाईचे ठिपके, जरासा सरकलेला लाल रंग, टाचणीच्या गंजाचा डागसुद्धा मी करायचो. लोकांना मी सांगत असे, ही सेल्फ-पोर्ट्रेट आहेत, सगळं एकहाती. खरं म्हणजे बाल्कनीत मागची चादर चिमटे लावून बायको टांगायची. फेटा तिच्या जुन्या साडीचा असे. टायमरची आणि माझी वेळ कधी जुळली नाही, त्यामुळे बटणही तीच दाबायची.

एकदा दिवाळीच्या आधी तिने एक अंक माझ्यापुढे ठेवला. मुखपृष्ठावर हातात निरांजन घेतलेली, ज्योतीकडे बघणारी बाई. ती म्हणाली, “मजही एक असें करून द्या की. बहिणीस पाठवीन. तिज वाटतें, मी इथे नुसतें सांबार करत्यें.”

तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला फारसं आठवत नाही. म्हटलं, करू.

निरांजनाऐवजी तिने माहेरचा पितळी दिवा घेतला. तपकिरी कांजीवरम नेसली. बाहेर ढगाळ होतं, त्यामुळे बाल्कनीतला उजेड मऊ होता. मी नेहमीप्रमाणे सूचना देत राहिलो, मान इकडे, खांदा खाली. तिने त्यातली एकही ऐकली नाही. ती दिव्याकडे बघत राहिली आणि मी बटण दाबलं. मी फोटो स्क्रीनवर मोठा केला. माझ्या सगळ्या चित्रांत मी कुणाचं तरी सोंग घेतलेला दिसत होतो. ती कुणासारखीच दिसत नव्हती. तिने बघितलं आणि तमिळ होकार देत म्हणाली, “सरी. ही मी आहें म्हणून कुणीही ओळखील.”

त्याच आठवड्यात मंडळाने दिवाळी फराळाच्या दिवशी माझ्या मुखपृष्ठांचं प्रदर्शन ठरवलं. एकाच माणसाचा चेहरा सगळीकडे, ही त्यातली गंमत. तिचं चित्र त्यात बसत नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते वगळता आलं असतं, किंवा शेवटी वेगळं लावता आलं असतं. पण त्या भिंतीवर लोक माझं सोडून तिचं चित्र बघत उभे राहतील, हे मला माहीत होतं आणि ते मला नको होतं. नथ तेवढी ठेवून मी तिचा चेहरा पुसला आणि तिथे माझा, मिशांसकट, बसवला. साडी तिची, दिवा तिचा, हात तिचे. घाईत ते त्याच फाइलवर सेव्ह केलं. फोनात जागा नव्हती म्हणून तिचे मूळ फोटो मी आधीच काढून टाकले होते. माझे मात्र ठेवले होते.

प्रदर्शनात त्या चित्रापुढे सगळ्यात जास्त हशा झाला. नथ आणि मिशी बघून एका काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. आमचे एक जुने सभासद जवळ जाऊन निरखत म्हणाले, “बाकी ठीक आहे हो, पण हात अगदी बाईचे जमलेत. कसे केलेत?”

ती माझ्या शेजारी उभी होती. तिच्या मनगटाजवळचा, तेलाने भाजल्याचा जुना डाग चित्रातही स्पष्ट दिसत होता. मी म्हणालो, “सॉफ्टवेअरची कमाल.”

तिने हात पदराखाली घेतले. लोक हसत होते, तीही हसली. मग चकल्या वाढायला गेली.

घरी येताना गाडीत तिने एवढंच विचारलं, “माझा निराळा ठेवला आहे ना?” मी म्हटलं, ठेवला आहे की. घरी आल्यावर तो शोधला आणि नसल्याचं कळलं. पुन्हा फोटो काढू, असं दुसऱ्या दिवशी म्हणालो तर ती म्हणाली, आहे ना एक, मग कशास. कांजीवरम तिने घडी करून कपाटात ठेवली होती.

पुढे ती आजारी पडली. त्या महिन्यांत मी तिच्या इतर फोटोंतून चेहरा कापून त्या चित्रात बसवायचा प्रयत्न केला. बाकी सगळ्या फोटोंत ती समोर बघते. इथे मान वळलेली, उजेड खालून दिव्याचा. गालावरची सावली जुळेना. टाचणीचा खोटा गंज मला करता येत होता, हे येईना. एकदा बऱ्यापैकी जमलं, पण ते तिला दाखवायचं धैर्य झालं नाही. तिने ओळखलं असतं.

एका दुपारी तिला उशीला टेकवून बसवलं होतं. तिने पेज अर्धी ठेवली आणि म्हणाली, “तो दिव्याचा फोटो बहिणीस पाठवा की. मी गेल्यावर नको. आत्ता.”

बोलायला तीच वेळ होती. घरात तिसरं कुणी नव्हतं, घाई नव्हती. मी वाटी उचलली आणि म्हणालो, “प्रिंट काढायला टाकलाय. चांगल्या कागदावर.”

“सरी,” ती म्हणाली आणि डोळे मिटले.

ती गेल्यावर मुलगा ओरगडमच्या कारखान्यातून तसाच युनिफॉर्ममध्ये आला. हार घालायला फोटो हवा होता. तो म्हणाला, “अप्पा, अम्माचा दिव्याचा फोटो काढला होता ना तुम्ही? तोच लावू.” मी म्हटलं, सापडत नाहीये. शेवटी तिच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. दचकल्यासारखी दिसते त्यात. बहीण तंजावरहून आली होती, ती त्याच्याकडे बराच वेळ बघून म्हणाली, अक्का अशी नव्हती दिसत. मुलाला वाटतं, मी अजून शोधतो आहे.

त्या दुपारी वाटी हातात असताना जे म्हणायचं होतं, ते फार मोठं नव्हतं. नंतर मी ते कितीदा तरी मनात जुळवलं, तिच्या मराठीतसुद्धा म्हणून पाहिलं. तो फोटो राहिला नाही. तो मीच पुसला, कारण त्यात तू माझ्यापेक्षा चांगली दिसत होतीस. ते हात तुझे आहेत, हे मी सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. माझं चुकलं.