टँकरची रांग आणि माझा सूड

आप्पा गेले त्या दिवशी आमच्या घरात अर्धी घागर पाणी होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. सोलापुरात गिरणीच्या मागं आमची बावीस खोल्यांची चाळ. नळ कोरडे पडलेले, दिवसाआड भर दुपारी टँकर यायचा. पाणी कुणाला किती, ते चाळीचे अध्यक्ष ठरवायचे. आम्हीच त्यांना निवडलं होतं. बोलायला गोड, कचेरीत ओळखी. चाळीला टँकर मिळवून दिला तोही त्यांनीच, खोटं कशाला बोलू? पण टँकर आला की नळी आधी त्यांच्या दारातल्या दोन पिंपांत सुटायची. उरलेलं बाकीच्यांना.

आप्पा पहिल्या पाळीवरनं घरी आले, छातीत कळ आली म्हणाले आणि गेले. मी अध्यक्षांच्या दारात गेले.

"काका, आप्पांना आंघोळ घालायचीय. दोन घागरी द्या. उद्या आमच्या वाट्यातनं कापा."

त्यांनी पिंपावरचं झाकण नीट बसवलं. "एकाला दिलं की बावीस जण दारात येतात, पोरी. नियम म्हंजे नियम. अन् गेलेल्या माणसाला काय, हात-पाय पुसले तरी चालतंय की."

आत मोरीत कुणीतरी अंगावर तांब्यामागून तांब्या ओतत होतं. तो आवाज ऐकत मी परत आले. आईनं ओल्या फडक्यानं आप्पांचं अंग पुसलं. कानांत, केसांत अडकलेला गिरणीचा कापूसही नीट निघाला नाही. तसेच नेले त्यांना.

तेव्हा मी तेवीस वर्षांची, मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची. तेराव्यापर्यंत रडले नाही. चौदाव्या दिवसापासून दारोदार फिरायला लागले. "ती पिंपं तुमाला दिसत न्हाईत व्हय?" एवढंच विचारायची. बाप्यांनी माना खाली घातल्या, बायका मात्र पेटल्या. आठ दिवसांत अंगणात सभा भरली आणि रांग माझ्या हाती आली.

मी नियम केला: दर खोलीला चार घागरी, पिंपं बंद. आज ज्याचा पहिला नंबर, पुढच्या खेपेला त्याचा शेवटचा. "पोरगी लई सरळ हाय," असं बायका म्हणायच्या. मी सरळ होते, पण मनात दुसरंच होतं. मी फक्त त्या माणसाला पाण्याची गरज पडायची वाट बघत होते.

ती पडली. त्यांच्या मुलीला बघायला करमाळ्याहून पाहुणे आले. अध्यक्ष स्वतः रांगेपाशी आले आणि हळूच म्हणाले, "दोन घागरी जास्त दे. मुलीचं काम हाय."

मी मुद्दाम आवाज चढवला. "नियम म्हंजे नियम, काका. पाहुण्यांना काय, हात-पाय पुसले तरी चालतंय की!"

अख्खी चाळ हसली. त्यांची मान खाली गेली, आणि आप्पा गेल्यापासून पहिल्यांदा मला भाकरी गोड लागली.

तिथंच थांबायला हवं होतं. पण भूक वाढलेली. पुढं एकदा त्यांच्या खोलीचा नंबर शेवटचा होता. त्यांची बायको चार रिकाम्या घागरी घेऊन उन्हात उभी होती. तिची पाळी आली आणि मी ड्रायव्हरला म्हणाले, "संपलं. न्या टँकर."

टँकर वळताना आतलं पाणी डचमळलं. सगळ्यांनी ऐकलं. ती रिकाम्या घागरी उचलायला वाकली.

शेजारच्या खोलीतली म्हातारी पुढं आली. आयुष्य मागावर काढलेली. घरात तेलुगू, आमच्याशी मोडकं मराठी. आम्ही तिला अव्वा, म्हणजे आजी, म्हणायचो.

"पाणी होतं," ती म्हणाली.

"होतं. त्यांनी माझ्या बापाला दिलं न्हाई."

"ही बाई न्हाई म्हटली काय? तू त्याच्याशी भांड. पाणी काय तुझ्या बापाचं हाय?" आणि तिनं आपली भरलेली घागर त्या बाईच्या घागरीत उपडी केली.

पुढच्या टँकरला रांग लागलीच नाही. "आज तिला न्हाई म्हणालीस, उद्या आमाला म्हणशील," असं एकजण तोंडावर बोलली. मग सगळ्याच नळीवर तुटून पडल्या. रेटारेटीत एकीचा पाय मुरगळला, घागरी चेपल्या आणि अर्धा टँकर मातीत गेला. मी ओरडत राहिले, कुणी वळूनही बघितलं नाही.

रांग अव्वाकडं गेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती एवढंच करायची, की सगळ्यांचं झाल्यावर स्वतःची घागर लावायची. टँकर येत होता तोवर एकदाही भांडण झालं नाही. एकदा तर तिच्या वाट्याला अर्धीच घागर आली. ती तेवढी घेऊन घरी गेली. मीही रांगेत उभी होते, माझ्यापुढं अध्यक्षांची बायको. तिची माफी मागायला मला दोन महिने लागले. "जाऊ दे," म्हणाली. तिनं ते मनापासून म्हटलं की नाही, कळलं नाही.

अव्वाला जे जमलं ते मला जमलं नाही, कारण मी चाळीसाठी उभीच राहिले नव्हते. हे मला मान्य आहे. पण त्या माणसाला माफ करणं वेगळं. दोन-तीन वर्षांनी मोहोळच्या स्टँडवर तो दिसला. थकलेला, हातात पिशवी. "बरी हायस का, पोरी?" त्यानं विचारलं.

मी ओळख न दाखवता एस.टी.त चढले. खिडकीतून बघितलं, तो अजून माझ्याकडंच बघत होता. मला बरं वाटलं.