जर्मन आजोबांची पायपेटी

त्या वर्षी गणपती बसवायचाच नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. सासूबाई आमच्याकडे, पेनसिल्व्हेनियातल्या एका आडगावी, पहिल्यांदाच आल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हात थोडाफार हलू लागला, वाचा मात्र गेली ती गेलीच. त्यांना सगळं कळायचं. बोलायला जायच्या, घशातून नुसता आवाज यायचा, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. मी देवापुढे रोज दिवा लावायचे, पण खरं सांगते, त्यात भक्ती कमी आणि चिडचिड जास्त होती. ‘आता तरी ऐक की रे बाबा!’ असं त्याला चक्क ओरडून सांगायचे.

आईंनीच, म्हणजे सासूबाईंनीच, बोटाने कॅलेंडरवरची चतुर्थी दाखवली, म्हणून शेवटी मूर्ती मांडली. त्यात दूरच्या आयसेलिन गावाहून आरतीला पेटी घेऊन येणाऱ्या काकांचा सकाळीच फोन. “सॉरी गं, गाडीचं ट्रान्समिशन गेलं. येणं कॅन्सल.” मी कपाळाला हात लावला. आमच्या घरात सुराशी कुणाचंच सख्य नाही.

शेजारी जर्मन आजोबा राहायचे. तिकडच्या त्यांच्या खेड्यातल्या चर्चमध्ये आधी त्यांचे वडील ऑर्गन वाजवायचे, मग ते. इथे आल्यावरही कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये तेच काम. बायकोचं व्हायोलिन, एका मुलीची बासरी, दुसरीचं चेलो. सकाळपासून त्यांच्या घरातून त्याच चार ओळी पुन्हा पुन्हा ऐकून माझं डोकं उठायचं. आमच्या ह्यांनी मला न विचारता कुंपणावरून त्यांनाच बोलावलं आणि आरत्यांची कॅसेट हातात दिली. संध्याकाळी आजोबा सहकुटुंब हजर! पिकअपमधून पायपेटी उतरवली, भिंतीला लावली आणि वर एक छोटा आरसा ठेवला. वाजवताना माणसं पाठीमागे असतात, ती दिसायला हवीत, असं म्हणाले.

आरती सुरू झाली आणि माझा जीव मेटाकुटीला आला. आपली आरती कशी धावत सुटते! हे गृहस्थ प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर धरून बसायचे. आम्ही पुढे जायचो, पुन्हा मागे यायचो. व्हायोलिन आणि चेलोही त्यांच्याच तालावर.

“फारच स्लो आहे गं,” आमचे हे पुटपुटले.

“तुम्हीच इन्व्हाइट केलंत ना?”

मी जोरजोरात टाळ्या वाजवून पाहिल्या. आजोबा ढिम्म. ध्रुवपदाच्या शेवटी तर त्यांनी सूर असा लांबवला की माझा संयमच संपला. ‘पुढे चला’ म्हणून सांगायला मी त्यांच्याजवळ वाकले आणि समोरच्या आरशात पाहिलं.

आरशात आई दिसत होत्या. सगळ्यांच्या मागे, व्हीलचेअरवर. त्यांचे ओठ हलत होते. ओळीतला शेवटचा शब्द त्या शोधत होत्या आणि आजोबा आरशावरची नजर न काढता, पाय मारत, त्यांच्यासाठी सूर धरून बसले होते. तो शब्द आला. अडखळत आला, पण स्पष्ट आला. मगच आजोबांनी पुढची ओळ घेतली.

मला रडू कोसळलं. आजोबांना मात्र त्यात काहीच विशेष वाटलं नाही. मागच्या बाकावरच्या शेवटच्या माणसाचं गाऊन होईपर्यंत पुढे जायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीतच होती म्हणे. डॉक्टर पुढे म्हणाले, बोलणं गेलं तरी गाणं कधी कधी शिल्लक राहतं. राहत असेल. मी वाद घालत नाही. उशीर करतोस म्हणून मी ज्याच्यावर ओरडत होते, तो आमच्यासाठीच थांबला होता, एवढं मला त्या दिवशी कळलं.

पण स्वभाव कुठे जातो? त्याच संध्याकाळी देवीची आरती सुरू झाली, तर डोळे पुसता पुसता मी पुन्हा टाळ्यांचा वेग वाढवला. मागून आवाज आला, घोगरा, पण अस्सल सासूचा.

“हळू!”

इतक्या महिन्यांनी आई बोलल्या आणि बोलल्या ते मला रागावायला. देवा, तुझे उपकार कसे फेडू! मी टाळ्या थांबवल्या आणि सुराची वाट पाहत उभी राहिले.